बाया कर्वे यांनी स्वतः काय केलं?

तुम्ही विचारलंय की महर्षी कर्व्यांचं कार्य शाळेत शिकवतात, पण बाया कर्वे 'त्यांना साथ देणाऱ्या पत्नी' या एका ओळीत संपतात, तर त्यांनी स्वतः काय केलं?

हा प्रश्न कुणीतरी विचारला याचंच मला फार बरं वाटलं. माझी आजी पुण्याजवळच्या हिंगण्याला, कर्व्यांच्या शाळेत शिकली होती. तिच्या बोलण्यात 'अण्णा', म्हणजे महर्षी कर्वे, एकटे कधी येत नसत, 'अण्णा आणि बाया' असंच ती म्हणायची. पुढे मी त्यांच्याबद्दल वाचत गेले तेव्हा आजीच्या त्या 'आणि'चा अर्थ कळला.

बाया मूळच्या कोकणातल्या देवरुखच्या जोश्यांच्या गोदूबाई. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. त्यानंतरची कितीतरी वर्षं सासरी राबण्यात गेली. मग थोरले भाऊ नरहरपंत त्यांना मुंबईला घेऊन आले. नरहरपंत आणि धोंडो केशव कर्वे हे मित्र, बिऱ्हाडही एकत्र. म्हणजे कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई आणि गोदूबाई एकाच घरात वावरलेल्या. पंडिता रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा काढली, आणि तिथे शिकायला आलेली पहिली विधवा म्हणजे गोदूबाई. विशी ओलांडलेल्या बाईने पाटी हातात घेऊन मुळाक्षरांपासून सुरुवात करायची, तीही लोक नावं ठेवत असताना. हे पहिलं काम त्यांनी एकटीने केलं. तेव्हा त्या कुणाच्या पत्नी नव्हत्या, हे तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला महत्त्वाचं वाटतं.

राधाबाई 1891 मध्ये गेल्या. कर्वे त्याच सुमारास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला पुण्याला आले होते, आणि शारदा सदनही तोवर पुण्याला हललं होतं. पुन्हा लग्न केलं तर विधवेशीच, असं कर्व्यांनी ठरवलेलं. गोदूबाईंचे वडील कर्व्यांशी लग्नाचं बोलत होते, तेव्हा हा निश्चय ऐकून त्यांनी आपल्याच मुलीचं नाव काढलं. त्या काळातल्या कोकणातल्या म्हाताऱ्या बापाने हे बोलावं, याचं मला आजही नवल वाटतं. लग्न झालं 11 मार्च 1893 रोजी, शारदा सदन सुरू झाल्याला बरोबर चार वर्षं होत होती त्या दिवशी. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्यांच्या बाया.

पुनर्विवाहाची किंमत लगेच मोजावी लागली. कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. आईला आपल्या मुलाला उघडपणे घरात घेता येईना. गावच्या त्या रागातली 'ती बाई' म्हणजे बाया होत्या, हे आपण लक्षात घेत नाही. पुरुषाला निदान कॉलेज होतं, मित्र होते, भाषणं होती.

माझ्या मते त्यांच्या आयुष्याचा सगळ्यात अवघड भाग यानंतरचा आहे. 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि स्वतःची पुंजी त्यात घातली. 1900 मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. विधवांना शिकवायला मदत करणारे पुष्कळ लोक पुनर्विवाहाच्या मात्र विरोधात होते. ते दुरावू नयेत म्हणून कर्व्यांनी शिक्षण आणि पुनर्विवाह ही दोन कामं कटाक्षाने वेगळी ठेवली. संस्था जगण्यासाठी ते बहुधा गरजेचंही असेल. पण याचा सरळ परिणाम असा झाला की ज्या बाईने स्वतः वैधव्य भोगलं, जी विधवांसाठीच्या शाळेतली पहिली विद्यार्थिनी, तिलाच पुनर्विवाहित म्हणून विधवांच्या आश्रमापासून लांब राहावं लागलं. नवरा कॉलेज आटोपून मैलोन् मैल चालत हिंगण्याला जायचा, आणि बाया पुण्यात मुलं घेऊन. मी स्वतः आई झाल्यावर हे पुन्हा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवावं लागलं होतं.

आणि घर म्हणजे तरी काय? राधाबाईंचा अकरा वर्षांचा रघुनाथ, मग स्वतःचे शंकर, दिनकर, भास्कर. शिवाय समाजाने बाहेर टाकलेल्यांपैकी कुणी ना कुणी आसऱ्याला. पैसा बेताचा, त्यातलाही संस्थेकडे वळलेला. बायांनी सुईणपणाचं शिक्षण घेतलं. चार पैसे स्वतःच्या हाताने मिळवता यावेत आणि अडल्यानडल्या बाईच्या उपयोगी पडावं, हे दोन्ही त्यात होतं असं मी मानते. पुढे वातावरण निवळलं तेव्हा ज्या संस्थेने लांब ठेवलं होतं तिच्याचसाठी त्या लोकांच्या दारात वर्गणी मागायला गेल्या. त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तीही विधवा, हिंगण्याच्या कामात आधीच पडलेली. एकाच घरातल्या दोन बहिणी संस्थेला वाहिलेल्या, एक उघडपणे आणि एक इतकी वर्षं उंबऱ्याबाहेरून.

त्या घरातून काय उभं राहिलं ते पाहा. रघुनाथ म्हणजे र. धों. कर्वे, संततिनियमनाचा प्रचार करणारे, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेले. दिनकर फर्ग्युसनचे प्राचार्य, त्यांच्या पत्नी मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. भास्कर आणि त्यांच्या पत्नी कावेरी हिंगण्याच्या कामात. मतं एकमेकांशी न जुळणारी ही सगळी माणसं. त्यांच्या मतांचं श्रेय मी बायांना देणार नाही, ते त्या त्या माणसाचं. पण इतक्या तऱ्हेवाईक निर्भय माणसांना मागे परतायला एक घर होतं आणि ते बायांनी टिकवलं होतं.

त्यांना निमूट सोसणारी मूर्ती मात्र करू नका. त्या बोलायच्या, भांडायच्या, संसाराच्या पैशासाठी नवऱ्याशी वाद घालायच्या. 1944 साली त्यांचं आत्मचरित्र 'माझे पुराण' आलं, सून कावेरीबाईंच्या मदतीने. कर्व्यांचं 'आत्मवृत्त' त्याच्या कितीतरी आधी, 1915 मध्ये आलेलं. मिळाली तर दोन्ही वाचा, पण आधी बायांचं. मोठ्या माणसाच्या घरात रोजची चूल कुणाच्या जिवावर पेटते, ते त्यात तक्रारीसकट लिहिलेलं आहे, आणि ती तक्रार मला त्यांच्या कामाइतकीच मोलाची वाटते.

बाया 1950 मध्ये गेल्या. अण्णांना 'भारतरत्न' मिळालं 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी. आठ वर्षं उशिरा. माझ्या आजीला ही गोष्ट फार लागायची. ती बातमी निघाली की ती प्रत्येक वेळी म्हणायची, "बाया हव्या होत्या गं त्या दिवशी."