मागची नंबर प्लेट पडली, गाडी ठाण्यात: सोडवायची कशी?

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो. दीड वर्षापूर्वी कोल्हापूरच्या मावसभावाकडून २०२१ ची मोटारसायकल विकत घेतली. नंबर एमएच ०९, आरसी अजून त्याच्याच नावावर. पावसात खड्ड्यांतून येताना मागची प्लेट कुठेतरी पडली. बेळगावात पोलिसांनी गाडी अडवून ठाण्यात लावली. काय करू?

उत्तर: आधी चलनावर कोणतं कलम लिहिलंय ते बघा. मजकूर कन्नडमध्ये असेल तर जाणकाराकडून पूर्ण वाचून घ्या, मगच सही करा. नुसता प्लेटचा दोष धरून केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ५० आणि मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लावलं असेल (पुढचे नियम आणि कलमंही यांतलीच), तर पहिल्या वेळी दंड ५०० रुपयांपर्यंत. कलम ३९ आणि १९२ लावलं असेल, तर पहिल्या गुन्ह्याला २,००० ते ५,०००. "नोंदणी तर आहे, फक्त प्लेट नाही" एवढ्यावर भागत नाही, कारण गाडी नोंदलेली हवी आणि तिचा नंबर ठरल्याप्रमाणे लावलेलाही हवा, अशा दोन्ही अटी कलम ३९ मध्येच आहेत. मात्र प्लेट हरवल्याची लेखी तक्रार जवळ असेल, तर हेतू वाईट नव्हता हे दाखवायला ती उपयोगी पडते.

म्हणून तक्रार आजच द्या आणि पोच घ्या. त्यात गाडीचा नंबर, चासी नंबर, प्लेट पडल्याचा अंदाजे रस्ता आणि तारीख लिहा. दंडापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे: तुमची प्लेट दुसऱ्याने आपल्या गाडीला लावली, तर त्याच्या कृत्याची चौकशी मावसभावाच्या दारात येईल.

जप्ती कलम २०७ खाली होते. सोडवण्यासाठी लेखी अर्ज करा. सोबत आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स आणि मालक म्हणून मावसभावाचं संमतीपत्र जोडा. तो स्वतः आला तर उत्तम. डिजिलॉकरमधली कागदपत्रं नियम १३९ नुसार चालतात. जप्तीच्या कागदावर गाडीची अवस्था, टायर, बॅटरी, किलोमीटर यांची नोंद झालीय ना, तेही पाहा.

सुटल्यावर गाडी टेम्पोतून घरी न्या. पेंटरकडून नंबर रंगवून घेऊ नका. २०२१ च्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटच लागते. ती कंपनीच्या डीलरकडे मागवा. तिथे तक्रारीची प्रत मागतात.

आता मूळ दुखणं. हस्तांतराची खबर घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते (कलम ५०), आणि परराज्यातली गाडी इथे १२ महिन्यांवर ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो (कलम ४७). तुमच्याकडून दोन्ही राहून गेलंय. कोल्हापूर आरटीओकडून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला घ्या, मग बेळगाव आरटीओत नाव बदलून केए २२ नंबरासाठी फॉर्म २७ भरा. कर्नाटकचा रोड टॅक्स भरावा लागेल. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो. विमाही तुमच्या नावावर करून घ्या.

केए २२ मिळाल्यावर प्लेट पुन्हा नवीन लागेल. गाडी महिना-दोन महिने उभी ठेवणं जमत असेल, तर एमएचची प्लेट मागवूच नका. रोज कामावर जायला तीच गाडी लागत असेल, तर दुसऱ्यांदा खर्च होणार हे धरून आधी ती बसवा.