भट, विगार (चर्चचे मुख्य फादर) आणि समिती : वाचकांच्या पत्रांना उत्तरे

प्रश्न : आमच्या देवळात पूजेची पाळी तीन भट कुटुंबांकडे आहे. दोन घरांतली मुले वेर्ण्याला आणि बंगळूरला नोकरीला, तिसऱ्या घरचे भटजी सत्तरीचे. समितीने कुमठ्याहून एक तरुण भट आणला. पण महाजनांशी (देवस्थानच्या वंशपरंपरागत सभासदांशी) त्याचे पटत नाही आणि तो आता जातो म्हणतो.
— सचिव, देवस्थान समिती, फोंडा तालुका

उत्तर : जातो म्हणतो यात नवल नाही. पहाटे देऊळ उघडायचे, अभिषेक, नैवेद्य, आरत्या, मध्येच कुणाचा लघुरुद्र, आणि रात्री देऊळ बंद होईपर्यंत जागेवर हजर. त्याला सुट्टी कधी, हे कुणी सांगितले आहे का? सोयर-सुतक आले तर बदली कोण? हे ठरलेले नसेल, तर घरी मूल जन्मल्याचा फोन आला तरी त्याला आधी उद्याच्या अभिषेकाची काळजी.

महाजनांना वाटते, भट म्हणजे आपण ठेवलेला माणूस. भटाला वाटते, गाभाऱ्यात आपला शब्द शेवटचा. दोघांचेही थोडेथोडे खरे आहे, म्हणूनच कागद हवा. गोव्याच्या १९३३ च्या देवस्थान कायद्याप्रमाणे समिती दर तीन वर्षांनी महाजनांतून निवडली जाते. आज तोंडी शब्द देणारे अध्यक्ष पुढच्या खेपेला असतीलच असे नाही. पगार, दक्षिणेतला वाटा, राहायची खोली, सुट्टी, सुतकातली बदली हे सगळे लिहून द्या. विधी आणि सोवळे भटाकडे. फंडपेटी, पावतीपुस्तक आणि दागिन्यांची चावी समितीकडे. सूचना द्यायच्या त्या एकट्या सचिवाने. आरतीला उभा असलेला प्रत्येक महाजन हुकूम सोडू लागला तर कुठलाही भट टिकणार नाही.

पाळीच्या कुटुंबांचा हक्क मात्र परस्पर मोडू नका. आधी देवस्थानचे मंजूर पोटनियम वाचा. आणि सत्तरीच्या भटजींना विनंती करून पुढच्या जत्रेपर्यंत या मुलाबरोबर बसवा. पालखी कुठे थांबते, कुणाचा नारळ आधी, हे पोथीत सापडत नाही.

प्रश्न : सभागृह बांधावे की नाही यावरून महाजनांत दोन तट पडले. अध्यक्ष म्हणाले, देवाचा कौल घेऊ. भटजींनी चक्क नकार दिला. त्यांचे चुकले ना?
— एक महाजन, डिचोली

उत्तर : मुळीच नाही. कौलात मूर्तीला पाकळ्या लावतात आणि उजवी पडते की डावी यावरून देवाचे उत्तर मानतात. तट आधीच पडलेले असताना त्या पाकळ्या लावणारा हातच संशयात येतो. उजवी पडली तर तो एका तटाचा भट, डावी पडली तर दुसऱ्याचा. याच भटाकडे लोक लग्नाचे, आजारपणाचे प्रश्न घेऊन येतात. तो विश्वास सभागृहापायी घालवू नका. महाजनांची सभा बोलवा, अंदाजपत्रक मांडा, मते घ्या. कौल मिळाला म्हणून सिमेंटचा दर उतरत नाही.

प्रश्न : लग्न होऊन सावंतवाडीहून म्हापशाला आले. चर्चच्या पॅरिश (म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या भाविकांच्या) परिषदेवर आहे. आधीचे फादर सगळे आम्हाला विचारून करायचे. नवे फादर ऐकून घेतात आणि स्वतःच्याच मनाचे करतात. मग आम्ही जमायचे कशाला?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : ताई, कायदा फादरच्या बाजूने आहे. १९८३ च्या कॅथलिक चर्च कायद्यातल्या ५३६ व्या कलमाप्रमाणे पॅरिश परिषदेचे मत सल्ल्यापुरतेच. पैशांचे तसे नाही. ५३७ वे कलम प्रत्येक पॅरिशला आर्थिक समिती सक्तीची करते, तेव्हा हिशेब मागायची जागा तिथे आहे.

तरीही दर वेळी ऐकून सोडून देणारा विगार परिषद हळूहळू मारतो, कायदा काहीही म्हणो. ठराव मानलाच पाहिजे असा हट्ट धरू नका. तो का मानला नाही, एवढे कारण इतिवृत्तात लिहायला सांगा. कारण लिहायचे म्हटले की माणूस जरा थांबून विचार करतो. तुमच्या बाजूनेही एक गोष्ट करा. बैठकीत 'आधीचे फादर असे करायचे' हे वाक्य बंद करा. सगळे एकमेकांचे सोयरे असलेल्या गावात हा माणूस एकटा बदलून येतो, आणि फेस्ताच्या (चर्चच्या सणाच्या) तयारीपासून प्रत्येक ठिकाणी त्याला आधीच्याशी तोलून पाहिले जाते.

प्रश्न : देवळातल्या संस्कारवर्गाच्या एका मुलाने शिकवणाऱ्याबद्दल फार वाईट सांगितले. समिती म्हणते, गावात बोभाटा नको, गुपचूप काढून टाकू.
— नाव न छापण्याची विनंती

उत्तर : हे पत्र वाचून होताच पोलीस ठाण्यात जा. २०१२ च्या पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवायची असते. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. देऊळ असो वा चर्च, सूट कुणालाच नाही. मुलाला समितीपुढे उभे करून पुन्हा वदवून घेऊ नका, इतिवृत्तात त्याचे नाव घालू नका. आईवडिलांना बरोबर घ्या. ते घाबरत असतील तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे. वर्ग आजपासून दुसऱ्याकडे द्या.