मुलांना घेऊन पहिल्यांदाच केनियाला जाताना

आधी पीतज्वराची लस घ्या. निघण्याच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. लस घेतल्याचा दाखला म्हणजे पिवळं कार्ड नसेल तर परतल्यावर भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, म्हणून हे शेवटच्या आठवड्यावर ढकलूच नका. प्रत्येकाचा, अगदी लहानग्यांचाही, ई-टीए (केनियात प्रवेशाचा परवाना) ऑनलाइन काढावा लागतो.

आफ्रिका म्हणजे उकाडा, असं धरून फक्त सुती कपडे नेऊ नका. नैरोबी सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे. जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या टपाच्या सफारी गाडीत मुलं अक्षरशः कुडकुडतात. स्वेटर, कानटोपी हवीच. सामानात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग नकोत, २०१७पासून बंदी आहे. मे महिन्यात पाऊस असतो, मसाई मारा अभयारण्याचे कच्चे रस्ते चिखलाने भरतात. नैरोबीहून तिथे पोचायला पाच-सहा तास लागतात, त्यामुळे किमान दोन रात्री तरी राहाच.