पलंगाखालची पाहुणी: वाचकांचे प्रश्न

आमचा लॅब्रेडॉर दोन महिन्यांपूर्वी गेला. शेल्टरमधली एक घाबरट कुत्री काही आठवडे सांभाळायला आणावी म्हणतोय. घाई होतेय का? (पुणे)

महिने मोजू नका, तो कशाने गेला ते बघा. वयाने किंवा संसर्गाने न झालेल्या किडनीच्या आजाराने गेला असेल तर घराची काळजी नाही. पार्व्होने (कुत्र्यांना होणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या संसर्गाने) गेला असेल तर मात्र तो विषाणू फरशीच्या फटींत, कुंड्यांच्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. नेहमीच्या फिनेलवर भरवसा ठेवू नका. फरशीला ब्लीच लागतं, एका भागाला तीस भाग पाणी. मातीवर तेही चालत नाही. अशा घरात लसी पूर्ण झालेलं मोठं कुत्रंच आणावं, पिल्लू नको.

मनाचं म्हणाल, तर तिच्यासमोर रडलात तरी चालेल, पण तिच्याकडून सांत्वनाची अपेक्षा ठेवू नका. दारात शेपूट हलवत येणारं कुणीतरी तुम्हाला आत्ताच हवं असेल, तर शेल्टरमध्ये धीट कुत्रं मागा. त्यात कमीपणा नाही.

शेल्टरमधून भित्री कुत्री आणली. पाच दिवस झाले, ती पलंगाखालून निघत नाही. आम्ही झोपलो की खाते. हात पुढे केला की गुरगुरते. (ठाणे)

रात्री का होईना, खातेय ना? मग ठीक चाललंय.

गुरगुरण्यावर ओरडू नका. ती तुम्हाला आधी सांगतेय, हा तिचा सभ्यपणा आहे. तो दाबला तर पुढच्या वेळी न सांगता दात लागेल. ओढून बाहेर काढणं तर नकोच.

आता चिकन हातात धरून तिला जवळ बोलवायची आपल्याकडची पद्धत. भूक तिला पुढे ओढते, तुकडा तोंडात पडतो आणि मग तिच्या लक्षात येतं की आपण माणसाच्या फार जवळ आलोय. तिथेच चावा बसतो. त्याऐवजी खोलीत तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसा, पेपर वाचा आणि उकडलेल्या चिकनचे तुकडे तिच्या मागच्या बाजूला टाका. खाऊ मिळतो आणि तुमच्यापासून लांब जाण्याची सुटकाही. हे रोज केलंत की ती आपण होऊन अंतर कमी करते. ओठ चाटले, उगाच जांभई दिली, डोळ्याचं पांढरं दिसलं, की उठून जा. पुढे अंगाला हात लावू दिलाच तर छातीवर दोनतीनदा खाजवून थांबा. आणखी हवं असेल तर ती सांगेल. (जवळ घेतल्याने भित्रेपणा वाढतो, हा समज सोडून द्या.)

तिची जागा कुकरच्या शिट्टीपासून आणि मिक्सरपासून लांब हवी. ‘बघायला’ येणारे शेजारी सध्या बंद. दिवसभर पाणीही प्यायली नाही किंवा हिरड्या फिकट दिसल्या, तर ही नुसती भीती समजू नका. गोचीडताप असू शकतो. डॉक्टर गाठा.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, ती लिफ्टला घाबरते. उचलून न्यावं का? (मुंबई)

सध्या नेऊच नका. बाल्कनीत कागद पसरा. नव्या जागी काही कुत्री चोवीस तासही लघवी रोखून धरतात, घाबरू नका. खाली न्यायची वेळ आली की गळपट्ट्याला एक दोरी, हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) दुसरी. भित्रं कुत्रं उलटं सरकून पट्ट्यातून डोकं काढतं, आणि एकदा सुटलं की हाकेला येत नाही. सुटलीच तर मागे धावू नका, सोसायटीभर आरडाओरडाही नको. खाली बसा आणि शेल्टरला फोन करा.

आमच्या गेलेल्या राजाचं भांडं आणि गादी या नव्या कुत्रीला द्यावी का? (सातारा)

द्या, तिला फरक पडत नाही. नाव मात्र नवं ठेवा. हाक मारताना तुमचा आवाज अडखळला, की तिला त्या हाकेचाच संशय येतो.

आता ती मुलीच्या पायाशी झोपते. परत देताना पुन्हा तेच दुःख होईल. ठेवूनच घेऊ का? (नाशिक)

देववत नाही म्हणून ठेवू नका. तिला पुढे काय लागेल ते बघा. घरात आधीचं शांत, धीट कुत्रं असेल तर त्याच्याकडे बघून अशी भित्री कुत्री लवकर मोकळी होतात. तसं घर मिळत असेल तर द्यावं. नसेल आणि तुमच्याकडे ती रोज थोडी पुढे सरकत असेल, तर खुशाल ठेवा. दिलीत तर सोबत तिची न धुतलेली चादर द्या आणि ती कशाला घाबरते ते लिहून द्या. पहिला महिना भेटायला जाऊ नका, फोटो मागवा.