सोमवारची पोटदुखी आणि 40 टक्क्यांचा दाखला

प्रश्न : मी 29 वर्षांची. डोंबिवलीहून लोअर परळला नोकरीला येते. कंपनी खासगी, दोनशेच्या आसपास माणसं. माझं काम अहवाल तयार करण्याचं. नवे मॅनेजर आल्यापासून दर सोमवारी चाळीस जणांसमोर उभं राहून आकडे मांडावे लागतात. आदल्या रात्री झोप लागत नाही, गाडीतच छाती धडधडायला लागते आणि तिथे उभी राहिले की आवाज फुटत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी सोशल अँग्झायटी डिसऑर्डर असं निदान केलंय, औषधं चालू आहेत. एचआरला तोंडी विचारलं, तर म्हणाले, 40 टक्क्यांचं सर्टिफिकेट आणा. आतापर्यंत सात सोमवार 'पोट बिघडलं' सांगून सुट्टी घेतली. सवलत मागितली तर नोकरी जाईल का?

उत्तर : आधी त्या सात सोमवारांबद्दल. तुमची अडचण मला कळते, पण उद्या वाद झालाच तर हजेरीच्या फाइलमध्ये दिसेल ते एवढंच : सात सोमवार, सात वेळा पोट. वाचणारा म्हणेल, बाई कामचुकार आहे. हे आजपासून बंद करा. न सांगता मीटिंग टाळणं तर त्याहून वाईट, कारण ती सरळ आज्ञाभंगात मोडते.

आता 40 टक्के. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये हा आकडा 'लक्षणीय दिव्यांगत्वा'साठी आहे. नोकरीतलं आरक्षण वगैरे त्याला जोडलेलं आहे. कामाच्या ठिकाणी मिळणारी 'वाजवी सोय', म्हणजे दिव्यांग व्यक्तीला काम जमावं म्हणून केलेला रास्त बदल, ही वेगळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात हा फरक नीट मांडला. नागरी सेवा परीक्षेच्या त्या उमेदवाराचा हात लिहिताना आखडत असे आणि त्याने लेखनिक मागितला होता. 40 टक्क्यांची अट त्याला लावता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. एचआरने दोन गोष्टींची सरमिसळ केली आहे, बहुधा अजाणतेपणी.

पण अशिलाला गोड बोलून कोर्टात पाठवणारा वकील मी नाही, तेव्हा दुसरी बाजूही ऐका. एक, कायद्यातली मानसिक आजाराची व्याख्या कडक आहे. निर्णयक्षमता, वागणं किंवा रोजच्या जगण्याच्या साध्या गरजा भागवण्याची क्षमता फार बिघडावी, इतका विकार गंभीर लागतो. तुमचं निदान त्यात आपोआप बसत नाही. त्रास किती खोल आहे त्यावर ते ठरेल. दोन, वाजवी सोय देण्याची थेट सक्ती कलम 20 मध्ये आहे, पण ती सरकारी आस्थापनांवर. खासगी कंपनीला कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार त्या धोरणात दिव्यांग कर्मचाऱ्यांना कोणत्या सोयी मिळतील हे लिहावं लागतं आणि त्यासाठी एक संपर्क अधिकारीही नेमावा लागतो. तुमच्याकडे दोनशे माणसं आहेत. म्हणजे पहिला लेखी प्रश्न एवढाच : आपलं समान संधी धोरण कुठे पाहायला मिळेल? अनेक कंपन्यांत हा प्रश्न आला की मग धोरणाची शोधाशोध सुरू होते.

ईमेलचा दुसरा परिच्छेद मागणीचा. 'मला मीटिंगमधून सूट द्या' असं लिहू नका, त्याला नकार देणं सोपं असतं. आकडे रविवारी रात्रीपर्यंत लेखी पाठवीन, मांडणी पाच-सहा जणांसमोर किंवा मॅनेजरसमोर बसून करीन, तीन महिन्यांनी फेरविचार करू, असं लिहा. कामात काहीच कमी होत नाही हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे. तुमचं मूळ काम अहवालांचं आहे, हा तुमचा भक्कम मुद्दा. ग्राहकांशी बोलण्याचीच नोकरी असती, तर मी इतक्या खात्रीने लिहिलं नसतं.

डॉक्टरांचं पत्र जोडा, पण चार ओळींचं : उपचार चालू आहेत, मोठ्या गटासमोर बोलणं सध्या टाळावं, अमुक बदल उपयोगी पडेल. औषधांची नावं, जुना इतिहास काही नको. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 चं गोपनीयतेचं कलम डॉक्टर-रुग्णालयांना बांधतं, ऑफिसला नाही. ऑफिसात एकदा फिरलेला कागद परत आणता येत नाही.

नोकरी जाईल का? जाणारच नाही, अशी हमी कुणीच देऊ नये. मात्र लेखी मागणीनंतर लगेच कामाबद्दल तक्रारी सुरू झाल्या, तर तारखांचा तो क्रम तुमच्या बाजूने बोलतो. तोंडी विचारलं तर हा फायदा मिळत नाही. तेव्हा रागाच्या भरात राजीनामा मात्र देऊ नका. पुण्यातल्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. त्यांचा आदेश बहुतांशी शिफारशीच्या स्वरूपाचा असतो आणि कायदा मोडल्याचा पहिला दंड जास्तीत जास्त 10,000 रुपये. दंडाला कंपनी घाबरणार नाही. कागदावर नोंद झाल्याला घाबरते.

ईमेल मॅनेजर आणि एचआर दोघांना एकत्र पाठवा, एक प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. रविवारी रात्री नको, तेव्हाचं लिहिलेलं घाबरून लिहिल्यासारखं वाचलं जातं. मंगळवारी सकाळी पाठवा.