नेपल्समध्ये साधं हॉटेल घेताना

सगळ्यात आधी मजला विचारा. तिथली बरीच छोटी हॉटेलं जुन्या इमारतीच्या एखाद्याच मजल्यावर असतात. खाली दारापाशी फक्त बेलच्या पाट्या. 'तेर्त्सो पियानो' म्हणजे तळमजला सोडून तिसरा, आणि मजले चांगलेच उंच. लिफ्टमध्ये दोन माणसं नि एक बॅग जेमतेम मावते. काही लिफ्ट तर नाणं टाकल्याशिवाय हलतच नाहीत, म्हणून 10-20 सेंटची सुटी नाणी खिशात हवीतच.

खोली आतल्या चौकाकडची मागा. रस्त्याकडे दगडी फरशीवरून स्कूटर मध्यरात्रीपर्यंत धडधडतात.

पॉम्पेईच्या प्राचीन अवशेषांकडे जाणारी गाडी गारिबाल्दी स्टेशनातून मिळते, पण तो भाग गजबजलेला. मेट्रोच्या दान्ते किंवा म्युझेओ स्टेशनाजवळ राहिलात तर जास्त बरं.

इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) मुक्कामाचा पुरावा लागतो, तेव्हा फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग करा, नावं पासपोर्टप्रमाणे. शहर-कर माणशी, दर रात्रीचा, बहुधा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो. रात्री रिसेप्शनवर कुणी नसण्याची शक्यता असते. पोहोचायची वेळ ईमेलने कळवा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा.