नव्याने वर्गावर जाणाऱ्या शिक्षिकेला

तुर्भ्याच्या शाळेत रुजू होते आहेस, तर आधी पोरांच्या वस्तीत एक फेरी मारून ये. एपीएमसी मार्केट जवळच आहे. कुणाचे वडील माथाडी, कुणाची आई कांदे निवडायला जाते. रात्री गाड्या खाली होत असताना धाकट्या भावंडाला सांभाळणारं पोर पहिल्या तासाला डुलक्या घेणारच. त्याला उठवताना आवाज चढवू नकोस. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारण्यासोबत मानसिक त्रासालाही मनाई केली आहे, आणि वर्गासमोर पाणउतारा हा माझ्या मते त्रासच.

निबंधाचं मात्र फार मनावर घे. फळ्यावर 'माझी आई' लिहून दिलंस की सगळ्या वह्यांत एकच आई उतरते, प्रेमळ आणि सुगरण. त्यापेक्षा विचार, काल आईने घरी आल्यावर आधी काय केलं? माझ्या वर्गातल्या एका मुलीने लिहिलं, 'आई हात धुते आणि हुंगते, कांद्याचा वास गेला का बघते.' ऱ्हस्व-दीर्घाचा पार गोंधळ होता. त्या ओळीला मी लाल पेन लावलं नाही. चुकलेले शब्द दुसऱ्या दिवशी, कुणाचं नाव न घेता, फळ्यावर घेतले.

आणि स्वतःसाठीही लिही. माहिती भरण्यातून, पोषण आहाराच्या नोंदींतून वेळ उरत नाही, मान्य. पण ठाण्याच्या लोकलमध्ये बसायला मिळालं की एखाद्या मुलाबद्दल दोन ओळी खरड. वर्षअखेरीस वर्णनात्मक नोंदी करताना त्या हाताशी असू देत. नाहीतर थकल्या जिवाला सगळ्यांच्या नावापुढे 'प्रगती समाधानकारक' लिहून मोकळं व्हावंसं वाटतं.